तांब्याचं झुंबर

दिवाळी उलटली की बालाघाट जिल्ह्यात धानाची कापणी जोर धरते. कापलेल्या धानाचे भारे बांधायचे, बांधीतून उचलून एका जागी आणायचे आणि मळणीची पाळी येईपर्यंत नीट रचून ठेवायचे. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना, भंडारा-गोंदियापासून वारासिवनी-कटंगीकडच्या मराठी घरांपर्यंत, या रचलेल्या ढिगाला पुंजणं म्हणतात. हिवाळ्यात एखाद्या गावात पुंजण्याला आग लागली की ती बातमी जिल्हा पानावर येते, आणि शब्दाचा अर्थ कोणालाही विचारावा लागत नाही.

मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी 'क्वांटम'साठी जो शब्द घेतला तो नेमका याच कुळातला: पुंज. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला त्यासाठी शब्दकोश उघडावा लागतो, बालाघाटच्या विद्यार्थ्याला तो अंगणात दिसतो. १९०० साली माक्स प्लांक यांनी मांडलेली गोष्ट त्याला एका वाक्यात सांगता येते. ऊर्जा पाटाच्या पाण्यासारखी सलग वाहत नाही, ती भाऱ्याभाऱ्याने येते. अर्धा भारा मिळत नाही. इथवर उपमा चालते, पुढे मात्र ती सोडून द्यावी लागते. रचलेलं पुंजणं रात्रभरात जागा बदलत नाही, कोणी बघतंय म्हणून लाजत नाही. अणूच्या घरात यातलं काहीच गृहीत धरता येत नाही, आणि क्वांटम संगणकाचं सगळं भांडवल त्या बेभरवशाच्या वागण्यातच आहे.

पुढची प्रकरणं या संगणकाविषयी आहेत, आणि त्याहून जास्त तो बनवणाऱ्या माणसांविषयी. बालाघाटात क्वांटमची प्रयोगशाळा नाही. सर्वांत जवळची, मराठी मुलखातली माणसं मुंबईत कुलाब्याला आणि पुण्यात पाषाणला बसतात. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस एका रात्रीत मुंबईला पोचवते. पण या जिल्ह्याचं क्वांटम संगणकाशी एक नातं त्या रेल्वेपेक्षाही जवळचं आहे, आणि ते शब्दाचं नाही, धातूचं आहे.

बैहरच्या पुढे मलाजखंड. हिंदुस्थान कॉपरची ही खाण १९८२ पासून चालते आणि भारतात खणल्या जाणाऱ्या तांब्याचा मोठा हिस्सा इथूनच येतो. डोंगर पोखरून केलेला तो पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड खड्डा काठावरून पाहिला की तळाशी फिरणारे डंपर खेळण्यातले वाटतात. आता खोदकाम उघड्या खड्ड्याकडून जमिनीखाली वळलं आहे. शंभर किलो दगड फोडावा तेव्हा त्यात तांबं असतं किलोभर, जेमतेम. दळायचं, फेसाळत्या पाण्यात तरंगवून वेगळं काढायचं, आणि ती काळपट भुकटी बाहेर पाठवायची. तिचं पुढे काय होतं, कोणत्या तारेत, कोणत्या मोटारीत ती जाते, हे खाणीवरच्या कोणालाच सांगता येणार नाही.

आता दुसरं चित्र. वर्तमानपत्रात 'क्वांटम संगणक' म्हणून जो फोटो छापतात त्यात सोनेरी झुंबर लटकलेलं असतं: एकाखाली एक चकत्या, मधून उतरणाऱ्या बारीक नळ्या, वळणं घेत जाणाऱ्या तारा. वाचकाला तो संगणक वाटतो. तो संगणक नाही, फ्रीज आहे. आणि ते सोनंही नाही. वर मुलामा सोन्याचा, आत तांबं. अत्यंत शुद्ध, प्राणवायूचा अंश काढून टाकलेलं तांबं. खरा संगणक म्हणजे सगळ्यात खालच्या चकतीला, डबीत बंद करून लावलेली नखाएवढी चिप.

तांबंच का, यात एक गंमत आहे. काही धातू पुरेसे थंड केले की त्यांचा विजेला होणारा विरोध साफ नाहीसा होतो. त्यांना अतिवाहक म्हणतात. हे पहिल्यांदा दिसलं १९११ साली, लायडनमध्ये, पाऱ्यात. ॲल्युमिनियमलाही ही कला साधते, सुमारे १.२ केल्विनच्या खाली. घरच्या तारांत विजेसाठी सर्वांत भरवशाचं मानलेलं तांबं मात्र या परीक्षेत नापास होतं. ते कितीही थंड करा, अतिवाहक होत नाही. पण अतिवाहक झालेला धातू उष्णता वाहून न्यायला फारच आळशी बनतो, आणि तांबं तिथेही आपलं काम करत राहतं. म्हणून कामाची वाटणी ठरून गेली आहे: क्यूबिट, म्हणजे चिपवरचा हिशेबाचा मूळ घटक, ॲल्युमिनियमचा, आणि त्याच्या अंगची शेवटची ऊब काढून नेणारं तांबं.

ही ऊब काढायची तरी किती? केल्विन मापातलं शून्य म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. तारकांमधल्या रिकाम्या अवकाशाचं तापमान २.७ केल्विन. झुंबराच्या तळाशी ते असतं ०.०१ केल्विनच्या आसपास, म्हणजे अवकाशाहून सुमारे २७० पट कमी. हे साधणारी युक्ती उन्हाळ्यात माठ वापरणाऱ्या घराला परकी वाटू नये. माठातलं पाणी पाझरून बाहेर उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. फ्रीजमध्ये पाण्याच्या जागी हेलियमचे दोन भाऊ असतात, हेलियम-३ आणि हेलियम-४. खूप थंडीत त्यांचं मिश्रण दुधावरच्या सायीसारखं दोन थरांत फुटतं, आणि हेलियम-३ चे अणू वरच्या थरातून खालच्या थरात ओढले जातात तेव्हा उडून जाणाऱ्या पाण्यासारखेच उष्णता घेऊन जातात. ही कल्पना १९६२ मध्ये कागदावर नीट मांडली गेली. हेलियम-३ मिळतो मुख्यतः ट्रिटियमच्या क्षयातून, त्यामुळे तो दुर्मीळ आणि महाग. प्रयोगशाळेत त्याची एकही गळती कोणी हसण्यावारी नेत नाही.

एवढ्या थंडीचं कारण साधं आहे. या चिपवरचे क्यूबिट साधारण ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात, घरातल्या वायफायच्या शेजारचीच पट्टी. चिप जरा उबदार राहिली की उष्णतेच्या आपोआप उठणाऱ्या लहरी त्याच सुरात गलबला करतात. थंडी म्हणजे इथे शांतता.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, ही शांतता राखण्याचं काम आर. विजयराघवन यांची प्रयोगशाळा करते. संगीतात जसं गाणाऱ्याचं घराणं विचारतात तसं या क्षेत्रातही विचारावं लागतं. विजयराघवन यांनी पीएच.डी. येल विद्यापीठात मिशेल डेव्होरे यांच्या हाताखाली केली. पुढे ते बर्कलीला होते. तिथल्या गटाने २०१२ मध्ये चालू क्यूबिटवर सतत हलकी नजर ठेवून त्याचा ताल न बिघडू देण्याचा प्रयोग 'नेचर'मध्ये छापला, त्यात पहिलं नाव त्यांचं. डेव्होरे यांना २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क आणि जॉन मार्टिनिस यांच्यासोबत मिळालं, ते १९८४-८५ मध्ये बर्कलीतच केलेल्या प्रयोगांसाठी. हातात धरता येईल एवढं विद्युतमंडलही एका अणूसारखं वागू शकतं, भाऱ्याभाऱ्यानेच ऊर्जा घेतं, हे या तिघांनी दाखवलं होतं. तेव्हा क्लार्क प्राध्यापक, डेव्होरे पोस्टडॉक आणि मार्टिनिस विद्यार्थी. कुलाब्यातला फ्रीज या घराण्याची एक शाखा आहे.

क्यूबिट बनतो कसा, ते जरा जवळून पाहू. सिलिकन किंवा नीलमण्याच्या गुळगुळीत चकतीवर प्लॅस्टिकसारखा लेप पसरवतात. त्यावर इलेक्ट्रॉनांच्या झोताने नक्षी काढतात, अशी की लेपाचा एक बारीक पूल हवेत राहतो. मग निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ तिरकी सोडतात. पुलाखाली एक थर बसतो. पेटीत मोजून थोडा प्राणवायू सोडतात, ॲल्युमिनियमवर गंज चढतो. पुन्हा निर्वात, पुन्हा वाफ, आता उलट्या तिरक्या बाजूने. दोन धातूंच्या थरांमध्ये अडकलेला तो गंज एक-दोन नॅनोमीटर जाड असतो. धातू-गंज-धातू अशा या थरांना मिळून जोसेफसन जोड म्हणतात, आणि क्यूबिटचा जीव त्यात असतो. जगभर ज्याला माणूस शत्रू मानतो तो गंज इथे मोजून-मापून, हौसेने पिकवला जातो. तो किंचित जाड झाला तर क्यूबिट वेगळ्याच सुरात बोलतो, आणि आठवड्याभराचं काम पुन्हा पहिल्यापासून.

कुलाब्यात एकाच मंडलात तीन क्यूबिट गुंफणारी 'ट्रायमॉन' नावाची रचना आधी उभी राहिली. मग ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओने जाहीर केलं की ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. त्या कामाची वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्यूबिटची रचना आणि घडण टीआयएफआरची, तीही तिथेच शोधलेल्या कड्यासारख्या मांडणीची. नियंत्रणाची आणि मोजमापाची यंत्रणा पुण्यातल्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळेची. तिने काही भाग बाजारातून घेतले, काही सर्किट बोर्ड स्वतः प्रोग्राम केले. आणि दूर बसून आज्ञा पाठवता येईल अशी क्लाउडची खिडकी टीसीएसची.

सहा! अमेरिकेत आयबीएमने २०२३ च्या डिसेंबरातच १,१२१ क्यूबिटची चिप दाखवली होती. मग सहाचं कौतुक कशाला, असं कोणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे, आणि त्याला 'आपलं ते आपलं' हे उत्तर पुरत नाही. उत्तर क्यूबिटच्या आयुष्यात दडलेलं आहे. क्यूबिटची शांतता दहा-शंभर मायक्रोसेकंद टिकते, फारच उत्तम असेल तर मिलिसेकंदाच्या घरात. तेवढ्यात सगळं गणित उरकायचं. त्यात प्रत्येक पायरीला चूक होण्याची शक्यता. अशा चुका करणाऱ्या हजार क्यूबिटांपेक्षा, चुका कुठून येतात हे ज्यांना नेमकं कळलं आहे असे थोडे क्यूबिट अभ्यासाला जास्त उपयोगी पडतात. गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये १०५ क्यूबिटच्या 'विलो' चिपवर जे दाखवलं त्याचं महत्त्वही १०५ या आकड्यात नव्हतं. अनेक क्यूबिट मिळून एकाची राखण करतात तेव्हा ३×३ वरून ५×५, तिथून ७×७ असं जाळं वाढवलं की दर पायरीला चूक निम्म्याहून खाली येते, हे महत्त्वाचं. त्याआधी उलटं होत असे: राखणदार वाढवले की चोऱ्याही वाढत.

इथे एक सार्वत्रिक थाप मोडून काढायला हवी. क्वांटम संगणक 'सगळी उत्तरं एकाच वेळी तपासतो' असं व्याख्यानांत ऐकवतात. ते अर्धसत्य आहे, आणि बाकीचा अर्धा भाग जास्त रंजक आहे. गावच्या तलावात दोन दगड टाकले की दोन्हींच्या लाटा एकमेकींत मिसळतात. कुठे पाणी दुप्पट उसळतं, तर कुठे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडून पाणी जागच्या जागी स्तब्ध राहतं. क्यूबिटच्या शक्यता अशाच लाटांसारख्या वागतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याचं कसब म्हणजे दगड असे टाकणं, की चुकीच्या उत्तरांच्या लाटा आपापसात मरून जाव्यात आणि बरोबर उत्तराची उसळावी. शेवटी मोजलं की एकच उत्तर हाती येतं, म्हणून तोच प्रयोग हजारो वेळा करतात. दगड असे टाकायची युक्ती सापडलेले प्रश्न फार थोडे आहेत. बाकी कामांना नेहमीचा संगणकच बरा, आणि तसाच राहील.

त्या थोड्या युक्त्यांपैकी एक आयआयटी दिल्लीत शिकलेल्या लव ग्रोव्हर यांची, १९९६ सालची. समजा, दहा लाख शिधापत्रिकांची यादी आहे, कोणताही क्रम नाही, आणि त्यातली एक हवी आहे. साध्या संगणकाला सरासरी पाच लाख नोंदी चाळाव्या लागतील. ग्रोव्हर यांच्या रीतीने आठशेच्या आत पायऱ्या पुरतात. दुसरी युक्ती पीटर शोर यांची, १९९४ ची. मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची ती रीत ऐकून बँका आणि लष्करं जागी झाली, कारण इंटरनेटवरच्या व्यवहारांची कुलुपं अवयव पाडण्याच्या कठीणपणावरच उभी आहेत. कुलूप आज तुटत नाही. क्रेग गिडनी यांच्या २०२५ च्या हिशेबाने त्यासाठी दहा लाखांहून थोडे कमी क्यूबिट आणि आठवड्याच्या आतला वेळ लागेल. २०१९ च्या हिशेबात तो आकडा दोन कोटी होता. म्हणूनच अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नवी कुलुपं अधिकृत केली.

शोर यांची रीत पहिल्यांदा प्रत्यक्षात चालली ती २००१ मध्ये, आणि उत्तर आलं १५ = ३ × ५. हसू येतं खरं. पण ते उत्तर फ्रीजमधून आलं नव्हतं. ते आलं काचेच्या बारीक नळीतल्या द्रवातून; प्रत्येक रेणूतली सात अणुकेंद्रं सात क्यूबिट म्हणून राबली होती. ही शाखा भारतात बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये अनिल कुमार यांनी रुजवली आणि त्यांचे विद्यार्थी टी. एस. महेश यांनी पुण्याच्या आयसरमध्ये वाढवली. तत्त्व तेच, जे नागपूरला एमआरआय काढायला गेलेल्या माणसाच्या अंगावर वापरलं जातं: मोठ्या चुंबकात अणुकेंद्रं रांगेत उभी करायची आणि रेडिओलहरीने त्यांना हलकेच टपली मारायची. क्लोरोफॉर्मचा रेणू घ्या. त्यातला कार्बन एक क्यूबिट, हायड्रोजन दुसरा. नळी खोलीच्याच तापमानाला. मोठे संगणक या वाटेने होणार नाहीत, हे तिथल्या लोकांना केव्हाच माहीत आहे. तरी क्यूबिटला आज्ञा कशी द्यावी याचा रियाज करायला याहून चांगली जागा नाही. त्याच आयसरमध्ये उमाकांत रापोल यांचा गट लेझरच्या झोतांनी अणूंना जवळजवळ थांबवून ठेवतो, आणि देशाच्या क्वांटम तंत्रज्ञानाचं एक केंद्रही तिथे चालतं.

सरकारी बाजूने आकडे असे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली, ६,००३.६५ कोटी रुपयांची, मुदत २०३०-३१ पर्यंत, उद्दिष्ट ५० ते १,००० क्यूबिटचे संगणक. संगणनाचं केंद्र बंगळुरूला, दळणवळणाचं चेन्नईला, साहित्याचं दिल्लीला, आणि संवेदकांचं आयआयटी मुंबईला. बंगळुरूच्या क्यूपीएआय कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये २५ क्यूबिटचा संगणक जाहीर केला. 'अमरावतीत क्वांटम व्हॅली' ही बातमी वाचून विदर्भात ज्यांचे कान टवकारले, त्यांच्यासाठी खुलासा: ती अमरावती आंध्रातली.

या चारांतलं संवेदकांचं केंद्र बालाघाटच्या वाचकाने डोळ्यांआड करू नये. संगणकासाठी जो नाजूकपणा शाप आहे, तोच मोजणाऱ्या उपकरणाला वर ठरतो. जरा धक्का लागला तर क्यूबिट बिघडतो ना? मग तो बिघाडच मोजायचा. आयआयटी मुंबईत कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यातल्या एका खोटीवर काम करतो: कार्बनच्या दोन शेजारी जागांपैकी एकीवर नायट्रोजन, दुसरी रिकामी. ही खोट इतकी हळवी असते की तिच्यावरून अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्राचं चित्र काढता येतं. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये थंड अणू खाली पडू देऊन, त्यांच्या पडण्यातल्या फरकावरून रस्त्याखालचा बोगदा हुडकला. उकरावं लागलं नाही. पोकळीच्या वर गुरुत्व कणभर कमी असतं, एवढाच त्याचा आधार. बालाघाट शहराला लागून असलेल्या भरवेलीत मॉयलची मँगनीजची भूमिगत खाण आहे, आशियातल्या खोल मँगनीज खाणींत गणली जाणारी. जिथे पिढ्यान् पिढ्या जमीन आतून पोखरली गेली आहे, तिथे न खणता पोकळी दाखवणाऱ्या यंत्राची किंमत वेगळी समजवावी लागत नाही. असं यंत्र अजून खाणीवर रुळलेलं नाही. पण संगणकाआधी ते येईल, असा या पानांचा अंदाज आहे.

कुलाब्याला हा खेळ नवा नाही. त्याच संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' सुरू झाला, भारतात घडवलेला पहिला सर्वसाधारण कामाचा डिजिटल संगणक. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची. आज साध्या फोनवर आलेला फुलांचा 'शुभ सकाळ' संदेशही तीत मावणार नाही. टिफ्रॅक निर्वात नळ्यांवर चालत होता आणि तयार होईतो जग ट्रान्झिस्टरकडे वळलं होतं. यंत्र मागे पडलं. आर. नरसिंहन यांच्या गटाने मात्र ते बनवता बनवता संगणक उभा करायला शिकलेली माणसं तयार केली होती, आणि ती मागे पडली नाहीत. आताच्या सहा क्यूबिटांचं मोल ठरवताना हे उदाहरण हाताशी असावं.

गणिताची भीती वाटणाऱ्यांना सांगायला हवं की पुढच्या प्रकरणांत बारावीपलीकडचं गणित नाही. तिसरं प्रकरण मात्र दोनदा वाचावं लागेल.

फ्रीज मिटून थंड करायला घेण्याचा दिवस प्रयोगशाळेत सणासारखा नसतो, परीक्षेसारखा असतो. चिप खालच्या तांब्याच्या चकतीवर बसवतात, तारा एकेक करून तपासतात. मग झुंबरावर एकावर एक नळकांडी चढतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी, आणि प्रत्येकाचे स्क्रू समोरासमोर जोडीने आवळले जातात. एक तार सैल राहिली असेल तर ते आता कळणार नाही, दोन दिवसांनी कळेल. पंप सुरू होतो. शीतक यंत्र सेकंदाला एखाद्या ठोक्याच्या लयीत चिवचिवू लागतं. पडद्यावर आकडा असतो ३००. रात्री केव्हातरी तो शंभराखाली जातो, दुसऱ्या दिवशी चारावर येतो आणि तिथे रेंगाळतो. विद्यार्थी चहाला जाऊन येतात. पहिलं प्रकरण इथे सुरू होतं, आकडा चारवरून हलायच्या थोडं आधी.